‘प्रथम’चा माग
पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे १० किलो वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ने श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे काम होते. जवळपास ६७० किमी उंचीवरच्या कक्षेत एक फेरी सुमारे ९८ मिनिटांची. पृथ्वीच्या फुगीर मध्यभागाच्या ओढीने ही ध्रुवीय कक्षा रोज जवळजवळ १ अंश पूर्वेला सरकते, सूर्याचा कोन राखते आणि उपग्रह एखाद्या अक्षांशावर साधारण ठरल्या स्थानिक वेळीच येतो. निसर्गाच्या एका व्यंगाचा याहून सुंदर उपयोग क्वचितच झाला असेल.

असा उपग्रह कधी उगवेल, हे कक्षेच्या दोन ओळींच्या आकड्यांवरून काढतात. आकडे शिळे झाले की वेळ चुकते. माथ्यावरून गेला तरी तो तेरा-चौदा मिनिटेच दिसतो. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांमुळे क्षितिजालगतची मिनिटेही जातात, म्हणून उंच गच्ची हवी. संदेश पकडायला हाती यागी अँटेना. ४३७ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रह जवळ येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर ऐकू येतो, माथ्याशी झपाट्याने घसरतो आणि दूर जाताना तेवढाच खाली राहतो. ज्या क्षणी ही घसरण सर्वांत तीव्र असते, त्याच क्षणी उपग्रह सर्वांत जवळ असतो. त्यावरून कक्षेचे गणित पुन्हा दुरुस्त करता येते.