शोध तुमचा, कागदावर नाव कोणाचे?

द्वारका चौकात सकाळी लवकर उभे राहावे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे मिळतात, तिथे सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीची माणसे डबा घेऊन गाडीची वाट पाहत असतात. यांत फिटर आहेत, वेल्डर आहेत, टर्नर आहेत. मशीन कुठे अडते ते साहेबाच्या आधी यांना कळते. जुनी स्प्रिंग, पत्र्याचा तुकडा, सायकलची चेन यांतून ही माणसे अशी युक्ती काढतात की दोघांचे काम एकाने व्हावे. पण ती युक्ती आपल्या नावावर करून घ्यावी, हे मनातही येत नाही.

आमच्या परिचयाच्या एका फिटरबंधूंनी कांदा निवडण्याची नव्या धर्तीची चाळण बनवली. हौसेने प्रदर्शनात मांडली, विचारील त्याला उघडून दाखवली. पुढच्या हंगामात तशीच चाळण दुसऱ्याच्या नावाने विक्रीस आली. मग ते पेटंटची चौकशी करू लागले, तेव्हा वेळ निघून गेली होती. म्हणून वाचकहो, ही माहिती आम्ही आज देत आहोत.

पेटंट म्हणजे शोधावर सरकारने दिलेला हक्क. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आपल्या परवानगीवाचून दुसऱ्याला तो शोध देशात बनवता, वापरता किंवा विकता येत नाही. १९७० चा पेटंट कायदा तीन गोष्टी पाहतो. एक, शोध जगात कुठेही आधी जाहीर झालेला नसावा. प्रदर्शनात मांडणे, मोबाईलवर व्हिडिओ टाकणे, गिऱ्हाईकाला विकणे हेही जाहीर करणेच. दोन, त्या धंद्यातल्या जाणत्याला सहज सुचेल अशी ती किरकोळ सुधारणा नसावी. तीन, तो प्रत्यक्ष बनवता किंवा वापरता यावा. नुसती कल्पना चालत नाही.

आजीबाईच्या बटव्यातल्या जुन्या ज्ञानालाही पेटंट नाही. हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या भारतीय वैज्ञानिक संस्थेने, सीएसआयआरने, जुने लेखी पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट, पण तिथे कामी आला तो कागद.

कागद नसला की काय होते, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्या आयुष्यात दिसते. नागभीड तालुक्यातला हा अल्पभूधारक शेतकरी, शिक्षण जेमतेम तिसरी. १९८३ साली धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी निवडून वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे जपून नवा वाण काढला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचे नाव पडले एचएमटी. १९९४ साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही-एचएमटी' नावाने वाण प्रसारित केला. शुद्धीकरण आम्ही केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. बियाणे माझे, असे दादाजींचे. त्यांना पुरस्कार मिळाले, पण एवढ्या खपलेल्या तांदळाचा मोबदला मिळाला नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

बियाण्याला आपल्याकडे आजही पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ साली वेगळा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण आपल्या नावाने नोंदवता येतो, आणि त्याला शुल्क माफ आहे. दादाजींनी वाण काढला तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे. द्राक्षवाल्या, धानवाल्या बांधवांनी तो ध्यानात ठेवावा.

आता यंत्राच्या पेटंटचा अर्ज कसा करायचा ते पाहू. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात जातात. घरबसल्या ऑनलाइनही भरता येतात. नमुना १ म्हणजे अर्ज, नमुना २ म्हणजे शोधाचे वर्णन. शोध अजून पुरा झाला नसेल तर आधी तात्पुरते वर्णन द्यावे. त्याने तारीख आपली होते. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णन, आकृत्या आणि नेमका हक्क कशावर सांगतो ते दावे द्यावे लागतात. सध्या एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आहे. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तपासणी मात्र आपोआप होत नाही. नमुना १८ भरून, ४,००० रुपये देऊन, ३१ महिन्यांच्या आत ती मागावी लागते. हरकतीचे पत्र आले तर सहा महिन्यांत उत्तर द्यावे. गप्प बसले की अर्ज बाद. मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्कही भरत राहावे लागते.

वकील किंवा एजंट लावलाच पाहिजे असे नाही. पण दावे लिहिणे कौशल्याचे काम आहे, चुकीचा शब्द हक्क गमावतो. गांधीनगरजवळची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही संस्था सामान्य माणसांच्या शोधांना पेटंटसाठी मदत करते. कारखान्यात नोकरीला असाल तर नेमणुकीचा करार आधी वाचा. शोधाचा हक्क मालकाकडे जाईल असे कलम त्यात असू शकते. तरीही शोधकर्ता म्हणून अर्जात आपलेच नाव लागले पाहिजे, एवढा आग्रह जरूर धरा.

घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे. आज बाबा पाळीवरून आले की त्यांना विचारा, कामावर तुम्ही काय नवीन केले? ते सांगतील ते वहीत लिहा, आकृती काढा, खाली तारीख घाला. आणि अर्ज जाईपर्यंत ती वही कोणाला दाखवू नका.