पुनवेच्या रात्री पन्हाळ्याखाली

२६ डिसेंबर २०२४ ला ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचा दुसरा सीझन आला. सात भाग. सातवा संपला तेव्हा प्रेक्षक चरफडले. बंड अर्ध्यातच मोडलेलं, नायकाचा जिवलग दोस्त डोळ्यांदेखत मारला गेलेला, आणि आपल्याच गोटात खेळाडू म्हणून वावरलेला माणूस खरा कोण, हे नायकाला अजून ठाऊक नाही. बेट शोधणारा पोलीस समुद्रात भटकतोय आणि त्याच्या बोटीचा कप्तानच फितूर. उत्तरांसाठी २७ जून २०२५ उजाडावा लागला. (जाता जाता : त्या सीझनमधला जिवावर बेतणारा एक खेळ म्हणजे चक्क आपले सागरगोटेच. कोरियात पाच खडे घेतात, एवढाच फरक. आपल्या आज्ज्या त्यात सहज जिंकल्या असत्या.)

सहा महिने थांबणं ज्यांना छळ वाटला, त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातली एक गोष्ट ऐकावी. तिचा पहिला सीझन १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सुरू झाला आणि अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आल्यावर संपला. दुसरा संपला १६६० च्या आषाढात. त्यातले काही प्रश्न साडेतीनशे वर्षांनंतरही तसेच लोंबकळत आहेत.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. विजापूरच्या अली आदिलशहाने कर्नूलच्या सिद्दी जौहरला सलाबतखान हा किताब देऊन धाडलं. बरोबर बापाचा सूड घ्यायला निघालेला फाजलखान. मार्चपासून पन्हाळ्याला वेढा, आणि गडावर शिवाजी महाराज. राजापूरच्या वखारीतले इंग्रज, रेव्हिंग्टन आणि मंडळी, उखळी तोफ आणि गोळे घेऊन जौहरच्या मदतीला आले आणि त्यांनी गडावर मारा करताना स्वतःचं निशाणही फडकावलं. व्यापार करायला आलेल्यांनी दुसऱ्याच्या लढाईत निशाण कशाला मिरवावं? ती हौस त्यांना पुढच्याच वर्षी महागात पडली. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर मारलं आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैदेत गेले. बाहेरून वेढा फोडायचा नेतोजी पालकरांचा प्रयत्न फसला. मग पौर्णिमेची रात्र, दोन पालख्या, शिवा काशीद, मसाई पठार, घोडखिंड (आजची पावनखिंड), बाजीप्रभू, विशाळगडाच्या तोफा. पोवाड्यांनी आणि सिनेमांनी ही साखळी इतकी घट्ट जोडून दिली आहे की कड्यांमधल्या फटी आपल्याला दिसतच नाहीत. मला त्या फटींचं वेड आहे.

पहिली फट अगदी सुरुवातीलाच. महाराज गडावरून निघालेच का? पन्हाळा काही उपाशी मरणारा किल्ला नव्हे. तटबंदी सात किलोमीटरहून लांब, आत पाणी भरपूर आणि अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारं. आजही त्या इमारतीत शिरलं की छताची उंची पाहून मान दुखते. म्हणजे दाणागोटा संपला म्हणून घाई झाली, हे एवढ्यावर पटत नाही. कारण गडाबाहेर होतं. मे १६६० मध्ये शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला होता आणि जूनमध्ये त्याने चाकणला वेढा घातला होता. दक्षिणेत एका गडावर राजा अडकलेला आणि उत्तरेत राज्य कुरतडलं जातंय. पन्हाळा सुरक्षित होता, म्हणूनच तो पिंजरा झाला होता.

आता ती रात्र. इतिहासाच्या पुस्तकांत १२ आणि १३ जुलैची रात्र असते, आणि दरवर्षी त्या तारखांच्या आसपास शेकडो मुलं पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात. पण शिवकाळाच्या इंग्रजी तारखा आपण त्या वेळच्या इंग्रजांच्या जुन्या, ज्युलियन पंचांगाने लिहितो. आपलं आजचं ग्रेगरियन कॅलेंडर सतराव्या शतकात त्याच्या दहा दिवस पुढे होतं. म्हणजे आजच्या हिशेबाने ती रात्र २२ जुलैची. चंद्राचं गणित मागे फिरवत नेलं तरी पौर्णिमा नेमकी त्याच तारखेवर येते, आणि साडेतीनशे वर्षांपलीकडची तिथी आकाशाने अशी परत मोजून दिली की अंगावर काटा येतो. दहा दिवसांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण पन्हाळा-शाहूवाडीच्या शेतकऱ्याला विचारा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भाताची लावण जोरात असते, खाचरं तुडुंब असतात, ओढे तांबडे होऊन धावत असतात आणि कासारी फुगलेली असते.

मग पळून जायला पुनवच का निवडली? लपायचं तर अमावस्या बरी. माझा अंदाज असा, की अंधाराचं काम ढगांवर सोपवलं होतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो, म्हणजे रात्रभर डोक्यावर असतो. आषाढातल्या दाट ढगांआडून त्याचा जो पसरट, राखाडी उजेड झिरपतो त्यात शंभर पावलांवरचा माणूस ओळखू येत नाही, पण पायाखालची वाट आणि पठाराची कड समजते. शिवाय विशाळगड पन्हाळ्याच्या पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. मध्यरात्र उलटली की चंद्र पश्चिमेकडेच झुकू लागतो. ढग फाटले असते तर तो वाटाड्यासारखा समोर दिसला असता. हे सगळं ठरवून केलं होतं की वाटाघाटींच्या गडबडीत जी रात्र मिळाली ती घेतली? ‘शरण येतो’ असा निरोप गेल्यामुळे वेढा ढिला पडला, असं बखरी सांगतात. पण रात्रीची निवड कोणी आणि कधी केली, हे कोणीच सांगत नाही.

राजदिंडीच्या बाजूने उतरून माणसं मसाई पठाराला लागली. या पठाराचं मला मोठं नवल वाटतं. खाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ आणि वर त्याच कातळाची ऊनपावसात झीज होऊन तयार झालेला जांभा, टोपीसारखा बसलेला. त्यामुळे माथा सपाट. माती जेमतेम बोटभर, म्हणून चिखल कमी. झाडं नाहीत, त्या वेळी वस्ती असण्याचं कारण नाही, म्हणजे भुंकायला कुत्रीही नाहीत. खाली दरीत भाताच्या खाचरांतून पालखी नेली असती तर भोयांचे पाय गुडघाभर रुतले असते आणि सकाळी सगळी वाट माग काढणाऱ्यांना वाचता आली असती. जांभ्यावर पावलं उमटत नाहीत. आणि जी उमटली असतील ती पावसाने धुतली. वाट निवडणाऱ्याला हे नक्की ठाऊक होतं. त्या माणसाचं नाव आपल्याकडे नाही.

पन्हाळा ते विशाळगड सरळ रेषेत जेमतेम चाळीस किलोमीटर. डोंगर उतरत-चढत साधारण साठ. आजचे गिर्यारोहक, पायात चांगले बूट घालून, दोन दिवसांत खिंडीपर्यंत पोहोचतात आणि मुक्कामाला गरम पिठलं खातात. महाराजांबरोबर निघालेल्या सहाशे जणांनी रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग मिळून पूर्ण अंतर तोडलं. ताशी तीन किलोमीटर धरा. ऐकायला सोपं वाटतं. पण खांद्यावर पालखी, अंगावर भिजून जड झालेली घोंगडी, पायाला जळवा, आणि दर थोड्या वेळाने पाऊल न थांबवता खांदेपालट. याच हिशेबाने पाहिलं तर नेबापूरच्या शिवा काशीदांनी काय दिलं ते आकड्यात दिसतं. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात बसलेल्या या नाभिकाने शत्रूला जितका वेळ खेळवलं, त्यातल्या प्रत्येक तासाला खऱ्या पालखीने तीन किलोमीटर गाठले. जौहरच्या छावणीत ते सोंग किती वेळ टिकलं, काय बोलणं झालं, कोणी ओळखलं? पुढची सगळी गोष्ट या उत्तरावर उभी आहे, आणि तिथेच पडदा काळा आहे.

खिंडीतली लढाई आपण डोळे मिटून पाहू शकतो. हिरडस मावळातले बांदल, बाजीप्रभू देशपांडे, त्यांचे बंधू फुलाजी, आणि मागून येणारी सिद्दी मसऊदची फौज. अरुंद जागेत हजार माणसं आली तरी पुढच्या रांगेत मोजकीच मावतात, हे गणित जगात सगळीकडे सारखं. मला छळतो तो तोफेचा प्रश्न. विशाळगडावर झालेले बार खिंडीत ऐकू गेले असतील का?

ध्वनीला एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद लागतात. विजेचा गडगडाट पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. तोफेचा आवाज खर्जातला, आणि असे आवाज पावसात फारसे विरत नाहीत. त्यात आणखी एक गोष्ट मराठ्यांच्या बाजूने होती. खिंड गडाच्या पूर्वेला आहे आणि आषाढातला वारा पश्चिमेकडून येतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज वर उधळून न जाता जमिनीकडे वाकतो आणि लांबवर पोहोचतो. म्हणजे मोसमी वारा गडाचा निरोप अक्षरशः खिंडीकडे ढकलत होता. अडचण दुसरीच होती. खिंड म्हणजे ओढ्याचं पात्र. पावसाळ्यात तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि त्यात लढाईचा कल्लोळ. आवाज पोहोचला असणार याबद्दल मला शंका नाही. जखमांनी चाळण झालेल्या माणसाने तो गर्दीतून वेगळा ओळखला, हे खरं आश्चर्य.

शिवाय विशाळगडही मोकळा नव्हता. पायथ्याशी शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी आदिलशहाच्या बाजूने मोर्चे लावून बसले होते. रात्रभर चालून आलेल्यांना गडात शिरण्यासाठी आणखी एक लढाई करावी लागली. पटकथाकाराने हे लिहिलं असतं तर निर्माता म्हणाला असता, जरा जास्त होतंय.

जौहरचं काय झालं, हा तर स्वतंत्र सीझनचा विषय आहे. चार महिने भर पावसातही वेढा न उठवणारा हा चिवट सेनानी एका रात्रीत बेसावध कसा राहिला? आदिलशहाला वाटलं, याने पैसे खाल्ले. तो स्वतः फौज घेऊन निघाला. जौहर चिडला आणि दरबारापासून तुटला. मला तो फितूर वाटत नाही. सात किलोमीटरच्या तटाला खालून फेर धरायचा म्हणजे चौकी-पहाऱ्यांची माळ त्याहून कितीतरी लांब. शेजारी पावनगडाचा डोंगर, झाडी, धुकं, आणि ‘आता तह होणार’ म्हणून सैल सुटलेली माणसं. अशा माळेत एक मणी गळाला तर सेनापतीला सकाळीच कळणार. पण धन्याला हरण्यापेक्षा फितुरी समजायला सोपी जाते.

आणि ज्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही अशी माणसं म्हणजे गडावर मागे राहिलेली. महाराज गेले तरी पन्हाळा पडला नाही. त्र्यंबक भास्कर यांनी तो लढवत ठेवला आणि सप्टेंबर १६६० मध्ये, राजकारणाचा हिशेब म्हणून, महाराजांच्या सांगण्यावरूनच तो आदिलशहाच्या हवाली झाला. राजा निसटल्याचं कळल्यावर चवताळलेल्या शत्रूसमोर त्या दोन महिन्यांत गडावर काय वातावरण असेल? २०२२ च्या ‘पावनखिंड’ चित्रपटाने बांदलांना पुन्हा घराघरांत नेलं, हे उत्तमच झालं. या मागे राहिलेल्यांवर कोणी काही काढलेलं मला आठवत नाही. (तिसऱ्या सीझनला मात्र प्रश्नच नाहीत : ६ मार्च १६७३ च्या सुमारास कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा चढले आणि गड परत आला.)

मालिकेची उत्तरं लेखकाच्या डोक्यात असतात. इथली उत्तरं कुठे असतील? कवींद्र परमानंदांचं ‘शिवभारत’ शिवाजी महाराजांच्या हयातीतलं, पण ते तंजावरच्या सरस्वती महालात पडून होतं. स. म. दिवेकरांनी ते शोधून १९२७ मध्ये छापलं. जेधे शकावली कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चार कागदांनी शिवचरित्रातल्या कितीतरी तारखांची उलथापालथ केली, जन्मतारखेसकट. दोन्ही वेळा गोष्टीचा हरवलेला भाग कोणाच्या तरी दप्तरात, धूळ खात, सुखरूप होता.

म्हणून पन्हाळा, शाहूवाडी, भोर, वाई इकडच्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर, देव्हाऱ्यामागे किंवा आजोबांच्या ट्रंकेत मोडीतल्या कागदांचा रुमाल असेल तर तो रद्दीत घालू नका, ओल्या भिंतीला ठेवू नका आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात किंवा मोडी वाचणाऱ्या कोणाही जाणकाराला दाखवा. बहुतेक वेळा त्यात शेतसाऱ्याच्या पावत्या आणि भावकीची भांडणं निघतील. तरीही दाखवा.