जॉइन लावाल, पण मध्ये थांबाल का?

वाकडच्या पीजीत राहून हिंजवडीतल्या कंपन्यांचे इंटरव्ह्यू देत असाल, तर इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइनमधला फरक तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मग आता पुस्तकातलं ‘एम्प्लॉयी-डिपार्टमेंट’ सोडा आणि एक खरा जॉइन बघा.

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं, की वेगवेगळ्या विभागांच्या माहितीशी ताडून पाहिल्यावर लाडकी बहीण योजनेत २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही पैसे घेत असल्याचं दिसलं. काही जणी एकाहून जास्त योजनांचा लाभ घेत होत्या, काही घरांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होत्या, काही अर्ज तर चक्क पुरुषांचे! जून २०२५ पासून या सगळ्यांचे महिन्याचे १५०० रुपये तात्पुरते थांबले. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होऊन पात्र ठरतील त्यांचे पुन्हा सुरू होणार, असंही सांगितलं गेलं.

समजा, हे काम तुमच्याकडे आलं. योजनेची एक अट आहे, कुटुंबात ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. अर्ज बायकोच्या नावाचा, गाडी नवऱ्याच्या. दोघांना जोडायला तिसरा टेबल लागणार, रेशन कार्डाचा. तीन टेबल, तीन वेगळ्या सर्व्हरवर. एकाच क्वेरीत तिघांना जोडलंत तर डेटाबेस गोंधळतो. दुसऱ्या सर्व्हरवर किती ओळी आहेत याचा त्याला नीट अंदाज नसतो, मग कधी अख्खा टेबल नेटवर्कवरून ओढून आणतो. म्हणजे ऑफिसच्या वेळेला सगळं आयटी पार्क भूमकर चौकातून सोडण्यासारखंच!

त्यापेक्षा आधी तिकडेच गाळा. दुचाकी नकोत, ट्रॅक्टर नकोत, कॉलमही लागतील तेवढेच. उरलेलं आपल्याकडे टेम्पररी टेबलमध्ये उतरवा, त्यावर इंडेक्स टाका आणि मग जोडा. पोस्टग्रेस वापरत असाल तर टेबल भरल्यावर ‘अ‍ॅनालाइझ’ स्वतः चालवा. तिथला ऑटोव्हॅक्यूम टेम्पररी टेबलकडे बघत नाही, आणि ही गोष्ट क्लासमध्ये सहसा कुणी सांगत नाही. टेबल छोटे असतील तर मात्र एवढा खटाटोप करू नका, लिहिण्या-वाचण्यातच जास्त वेळ जाईल.

वेग हा झाला एक फायदा. मला त्याहून मोठा वाटतो तो मध्ये थांबून मोजता येण्याचा. एका घरात दोन गाड्या असतील तर जॉइननंतर तीच बाई दोनदा येते आणि आकडा फुगतो. टेम्पररी टेबलवर साधा काउंट घेतलात की हे तिथेच दिसतं. म्हणून ‘गाडी आहे की नाही’ एवढंच विचारायचं असेल तर जॉइनऐवजी ‘एक्झिस्ट्स’ बरा.

आता खरी मेख. योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. रेशन कार्डावर मात्र दीर, जाऊ, सासू-सासरे सगळे एकत्र असू शकतात. दिराने ईएमआयवर घेतलेली कार कार्ड नंबरवरून थेट वहिनीच्या खात्याला जाऊन चिकटते. क्वेरी चुकलेली नसते, एरर येत नाही, दोन सेकंदांत उत्तर मिळतं.

पुढच्या महिन्यात वहिनी बँकेत जाते, पासबुकात एंट्री करून घेते. पैसे आलेले नसतात आणि का नाही आले, हे काउंटरवरच्या माणसालाही सांगता येत नाही.