पंपाची बाटली कां गळते?

साबणाची वडी आमच्या मोरीवरून केव्हां गेली व तिच्या जागीं पंपाची बाटली केव्हां येऊन बसली, हें घरांत कोणासच नेमकें सांगतां येत नाहीं. २०२० सालच्या साथींत सॅनिटायझर घरोघर शिरलें, राज्यांतील अनेक साखर कारखान्यांनींहि तें तयार करावयास घेतलें, आणि त्या वेळेपासून डोकें दाबलें कीं ठराविक माप हातावर टाकणारी ही बाटली, देवघर वगळतां, घराच्या प्रत्येक खोलींत दिसूं लागली, एवढें खरें. वस्तु सोयीची आहे यांत वाद नाहीं. परंतु ती गळते. मोरीच्या कट्ट्यावर गळते, कपाटांत गळते, आणि प्रवासांत तर हटकून गळते. या गळण्याचें खापर आपण बहुधा घरांतील स्त्रीवर्गाच्या निष्काळजीपणावर फोडतों. आमच्याकडून असा अन्याय प्रत्यक्ष घडला, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही सहकुटुंब सांगलीहून पांचगणीस आमच्या वडील बंधूंकडे निघालों. सांगलीहून आगगाडीनें सातारा स्टेशन, तेथून एस. टी. नें वाई, आणि पुढें पसरणीचा घाट, असा क्रम होता. पिशवींत कपड्यांबरोबर आमच्या तीर्थरूपांनीं विद्यार्थिदशेंत स्वहस्तें उतरून काढलेली अमरकोशाची वही होती. ती बंधूंच्या स्वाधीन करावयाची होती. त्याच पिशवींत सूनबाईनें हात धुण्याच्या साबणाची, निम्मी रिकामी झालेली, बाटली ठेविली होती. पांचगणीस पोंचून पिशवी उघडली तों साबण सर्वत्र पसरलेला! कपडे धुतां येतात. वहीचें तसें नाहीं. तृतीयकांडाचीं पानें एकमेकांस चिकटलीं होतीं आणि शाई फुटून निळे ओघळ उतरले होते.

"झांकण नीट लावलेलं नसणार," असें प्रथम कोण म्हणालें तें आठवत नाहीं. दुसऱ्यानें म्हणणारे आम्हीच होतों. सूनबाई एवढेंच म्हणाली, "बाबा, झांकण घट्ट लावलं होतं, आणि बाटली उभीच ठेवली होती." त्या वेळीं तिचें म्हणणें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

सायंकाळीं उरलेला साबण दुसऱ्या भांड्यांत काढावा म्हणून आम्ही झांकण फिरवूं लागलों, तों तें हातानें हलेना. फडकें गुंडाळून जोर केला तेव्हां कोठें सुटलें. म्हणजे मुलगी खरें बोलत होती. मग साबण बाहेर आला कसा? दुसऱ्या दिवशीं बाजारांत एका दुकानीं टांगलेल्या वेफरच्या पुड्या पाहिल्या आणि उलगडा झाला. सांगलीस ज्या पुड्या हाताला सैल लागतात, त्याच येथें उशीसारख्या टम्म फुगल्या होत्या.

सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर आहे व पांचगणी सुमारें १,२९० मीटर. या चढणींत बाहेरील हवेचा दाब आठ-साडेआठ टक्क्यांनीं उतरतो. बाटलींत कोंडलेल्या हवेला ही वार्ता कळतेच. तिला पूर्वीपेक्षां सुमारें ९ टक्के अधिक जागा हवीशी होते. आमची बाटली अर्ध्या लिटरची, निम्मी रिकामी, म्हणजे आंत पाव लिटर हवा. तिच्या वाढीचा हिशेब वीस-बावीस मिलिलिटर येतो. बाटलीचें प्लॅस्टिक थोडें फुगतें, घाटमाथ्याची हवा थंड म्हणून थोडी तूट पडते. तरीहि तीन-चार चहाचे चमचे साबण बाहेर लोटला जावयास अडचण राहात नाहीं. एका वहीच्या नाशास इतका पुरेसा आहे. दुपारच्या उन्हांत मोटारींत राहिलेली बाटली गळते तिचें कारणहि हेंच. तेथें उंचीचें काम ऊन करतें.

आतां हा साबण घट्ट झांकणांतून वाट कशी काढतो, हें समजण्यासाठीं पंपाचें अंतरंग पाहिलें पाहिजे. आमच्या लहानपणीं स्टोव्हच्या पंपाचा चामडी वायसर वाळला कीं हवा भरेनाशी होई, आणि आई त्यास खोबरेल तेलाचें बोट लावी. ज्यांनीं तें पाहिलें आहे त्यांस ही रचना नवी वाटणार नाहीं. झांकणाखालीं एक लहान नळकांडें असतें. त्यांत दट्ट्या व स्प्रिंग. नळकांड्याच्या बुडाशीं कांचेची किंवा पोलादाची एक गोळी छिद्रावर बसलेली असते, आणि तेथून एक बारीक नळी बाटलीच्या तळापर्यंत गेलेली असते. डोकें दाबलें कीं गोळी छिद्रावर घट्ट बसते व नळकांड्यांतील साबण पोकळ दांड्यांतून वर चढून तोटीवाटें बाहेर पडतो. हात काढला कीं स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते, वरची झडप मिटते, आंत ओढ उत्पन्न होते, गोळी उचलली जाते आणि खालून नवा साबण नळकांड्यांत येतो. नवी बाटली प्रथम चार-सहा वेळां दाबावी लागते, कारण आरंभीं नळकांड्यांत नुसती हवा असते. विहिरीवरचा जुना हातपंप सुरू करण्यापूर्वीं त्यांत तांब्याभर पाणी ओतीत, तोच हा प्रकार.

या कल्पनेचें वय मोठें आहे. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया नगरींत तेसिबियस नांवाच्या यंत्रज्ञानें दट्ट्या व झडपा यांचा पंप रचिला होता. आपल्याकडे श्रीहर्षाच्या रत्नावलींतील वसंतोत्सवांत नागरजन ज्या शृंगकांनीं एकमेकांवर पाणी उडवितात, ती पिचकारीच. आणि गळतीचा शास्त्रीय विचार म्हणाल तर सुश्रुतानें चिकित्सास्थानांत बस्तियंत्राच्या पिशवीचे पांच दोष सांगितले आहेत. त्यांत सच्छिद्रता व दुर्बद्धता हे दोन आहेत. पिशवीस भोंक असणें, आणि पिशवी नळीस नीट बांधलेली नसणें! आजचा कारखानदार गळकी बाटली तपासावयास घेतो तेव्हां प्रथम याच दोन ठिकाणीं पाहतो, हें आम्हांस फार मौजेचें वाटतें.

परंतु आमच्या बाटलींत हे दोन्ही दोष नव्हते. तिचें खरें मर्म तिसरें होतें. साबण बाहेर गेला कीं त्याच्या जागीं बाटलींत हवा आली पाहिजे. न आली तर बाटली आंत चेपते व पंप कांहीं वेळानें ओढीनासा होतो. म्हणून नळकांड्याच्या बाजूस हवेसाठीं एक सूक्ष्म छिद्र ठेवितात. या छिद्रानें हवा आंत येऊं द्यावी, पण साबण बाहेर जाऊं देऊं नये, अशी दुहेरी अपेक्षा असते. त्यासाठीं पुष्कळ पंपांत दट्ट्या वर असतांना त्याची कड या छिद्रावर येऊन बसते व डोकें दाबल्यावरच छिद्र उघडतें. युक्ति चांगली आहे. पण घाटांत काय होतें पहा. डोकें वर, म्हणून हवेचें छिद्र बंद. झांकण घट्ट, म्हणून तेथूनहि वाट नाहीं. बाटली उभी, म्हणून नळीचें टोंक साबणांत बुडालेलें. आणि पंपांतील दोन्ही झडपा बाहेरच्या दिशेनेंच उघडणाऱ्या! फुगलेल्या हवेनें साबणावर भार दिला, साबणानें गोळी उचलली, वरची झडप ढकलली आणि तो तोटीवाटें अमरकोशावर उतरला. झांकण सैल असतें तर हवा तेथून गुपचूप निघून गेली असती. सूनबाईनें घेतलेली खबरदारीच नडली, आणि शब्दहि तिलाच ऐकावे लागले. आम्हीं त्याच रात्रीं जेवतांना सर्वांदेखत ही उपपत्ति सांगितली व चूक आमची असल्याचें कबूल केलें. शिक्षकी पेशांत चाळीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास तें फार सोपें जात नाहीं.

मग न गळणारा पंप रचावा कसा? पहिला उपाय सर्वांच्या पाहण्यांतला आहे. डोकें खालीं दाबून फिरविलें कीं तें आट्यांत अडकून बसतें. येथें नुसतें डोकें अडकणें महत्त्वाचें नाहीं. खालीं गेलेल्या दांड्याचें टोंक नळकांड्याच्या बुडाशीं बुचासारखें बसून साबणाची वाट बंद करतें कीं नाहीं, तें महत्त्वाचें. स्वस्त पंपांत डोकें अडकतें, बूच बसत नाहीं. कांहीं पंपांत डोकें वरच ठेवून मानेवर एक चिमटा लावितात. तो डोकें दाबलें जाऊं देत नाहीं, पण घाटांतल्या दाबापुढें त्याचा उपयोग शून्य. आमच्या बाटलीस तोहि नव्हता.

दुसरा उपाय वरच्या झडपेचा. तिच्यावर बारीक स्प्रिंग बसवून ती अंमळ हट्टी करितात. बोटाचा जोर लागला तरच उघडावी, हवेच्या थोडक्या फुगण्यानें उघडूं नये. पातळ सॅनिटायझरला हा हट्टीपणा विशेष लागतो, कारण दाट साबण ज्या फटींत अडून राहतो तींतून तें सहज झिरपतें. तिसरा उपाय मुळावरच घाव घालणारा आहे: बाटलींत हवा येऊंच द्यावयाची नाहीं. अशा बाटलीचा तळ सरकता असतो. वरून माल गेला कीं तळ तितका वर चढतो. आंत हवाच नाहीं, तर घाटांत फुगणार काय? औषधी मलमें व महाग प्रसाधनें यांसाठीं ही रचना वापरतात. साबणास ती परवडत नाहीं.

तोटीच्या टोंकाशीं लोंबणारा थेंब ही निराळी गळती आहे. तिचा इलाज असा कीं वरची झडप किंचित् उशिरां मिटावी, म्हणजे स्प्रिंगच्या ओढीनें तोटींतला उरलेला साबण थोडा मागें घेतला जातो. उलट बाजूची गळतीहि असते. नळाखालीं ठेवलेल्या बाटलींत दांड्याच्या फटींतून पाणी आंत उतरतें, साबण पातळ होतो व कधीं नासतो. म्हणून चांगल्या पंपाच्या मानेवर पाणी बाहेर घसरावें असा उतार ठेविलेला असतो.

सर्वच गळणें वाईट नव्हे, हेंहि जातां जातां सांगितलें पाहिजे. आमची गाडी ज्या किर्लोस्करवाडीवरून गेली, तेथें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर कारखाना मांडला. लोखंडी नांगरापाठोपाठ तेथें पंप होऊं लागले, आणि १९२० सालीं तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हें मासिकहि निघालें. शेतावरच्या मोठ्या पंपाच्या फिरत्या दांड्याभोंवतीं दोरीचें पॅकिंग भरतात. तें इतकें आवळूं नये कीं पाणी साफ थांबेल. थेंब थेंब पाणी सुटत राहिलें तरच दांडा थंड राहतो. तेथें गळती ही सोय आहे, आणि हातावरच्या पंपांत तोच दोष.

फेसाची बाटली याहून नाजूक. तींत एकांत एक अशीं दोन नळकांडीं असतात. लहानांत पातळ साबण, मोठ्यांत हवा. दोन्ही एकाच दाबानें बारीक जाळींतून लोटलीं जातात व फेस होतो. हवेचें प्रमाण साबणाच्या साधारण दहापट असतें. ही बाटली आडवी पडली कीं साबण हवेच्या नळकांड्यांत शिरतो आणि पुढें कित्येक वेळां दाबलें तरी फेसाऐवजीं पाणीच पडतें. तींत नेहमींचा दाट साबण भरूं नये, जाळी बुजते. तो पाण्यानें पातळ करून भरण्याची काटकसर घरोघर चालते, पण साबण टिकावा म्हणून घातलेलें द्रव्यहि त्यानें पातळ होतें.

एवढ्याशा या पंपाची किंमत व्यापाऱ्यांनीं मात्र वेळींच ओळखली. अमेरिकेंतील मिनेसोटांत रॉबर्ट टेलर या गृहस्थांनीं १९८० सालीं 'सॉफ्टसोप' नांवाचा पंपाचा साबण देशभर आणला. पातळ साबण नवा नव्हता. त्याचें अमेरिकन पेटंट १८६५ सालचें. मोठ्या कंपन्या उद्यां हेंच करतील, हें टेलर जाणून होते. त्यांनीं पंप बनविणाऱ्या मोजक्या कारखान्यांकडे एकदम १० कोटि पंपांची मागणी नोंदविली, किंमत १ कोटि २० लक्ष डॉलर! साबण कोणासहि करतां येत होता, पण पंपच शिल्लक राहिला नाहीं. पुढें १९८७ सालीं कोलगेट-पामोलिव्ह कंपनीनें तो साबणाचा धंदा विकत घेतला.

बाटली घाटांत टिकेल कीं नाहीं, याची परीक्षा घरीं होते. कारखान्यांत बाटल्या निर्वात पेटींत ठेवून पाहतात. आपल्यास कढत पाण्याचें घमेलें पुरे. बाटली निम्मी भरलेली घ्यावी, डोकें फिरवून बंद करावें, आणि हातास सोसेल इतक्या ऊन पाण्यांत पाव तास उभी ठेवावी. आंतील हवा वीस अंशांनीं तापली तर सहा-सात टक्के फुगते. पसरणीच्या घाटाशीं हें प्रमाण जवळ जवळ जुळतें. तोटीशीं साबण दिसला तर ती बाटली मोरीवरच बरी. सूनबाईनें घरांतल्या तीन बाटल्या अशा तपासल्या. दोन नापास झाल्या. तृतीयकांडाचीं बिघडलेलीं पानें आम्ही नव्यानें उतरून काढीत आहोंत. तीं घेऊन दिवाळीनंतर पांचगणीस जावयाचें आहे. बाटली कोणती न्यावयाची व ती कोणत्या पिशवींत ठेवावयाची, हें सूनबाईनें आधींच ठरविलें आहे.