हिशेबाबाहेरचे तास

कांदा महागला म्हणजे घरोघर त्याची चर्चा होते. शेतकऱ्याच्या हातीं काय पडलें, दलालानें किती घेतलें, याविषयीं सुशिक्षित कुटुंबांतील स्त्रीपुरुष हिरीरीनें बोलतात, आणि तें योग्यच आहे. परंतु लासलगांवचा कांदा अडीच हजारांहून अधिक किलोमीटर वाहून गुवाहाटीच्या बाजारांत ज्यानें पोंचविला, त्या मनुष्याची आठवण या चर्चेंत क्वचितच निघते. आमच्या स्वयंपाकघरांतील हळद, देव्हाऱ्यांतील कापूर, आजोबांचें औषध, नातवाचीं पुस्तकें, यांपैकीं बहुतेक प्रत्येक जिन्नस केव्हां ना केव्हां मालमोटारींतून आलेला असतो. तो आणणाऱ्या चालकाला मोबदला कशाचा मिळतो व कशाचा मिळत नाहीं, एवढाच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाचा ठराविक पगार बहुधा लहानच असतो. त्याची खरी मिळकत खेपेवर असते. खेप पुरी झाली कीं ठरलेले पैसे, वर जेवणाखाण्याचा भत्ता. कोठें कोठें मालक वाटखर्चाची ठोक रक्कम हातावर ठेवतो, आणि तींतून डिझेल, पंक्चर, वाटेंतील ‘चहापाण्याच्या’ मागण्या, हें सर्व भागवून जें उरेल तें चालकाचें. माल भिजला किंवा वजनांत कमी भरला तर ती तूट पुष्कळदां त्याच्याच पैशांतून वळती होते. पूर्वीं सोबतीला क्लीनर असे. खर्च वांचविण्यासाठीं आतां तोहि अनेक गाड्यांवरून नाहींसा झाला आहे.

वरवर पाहतां हा ठोक व्यवहार सोयीचा वाटतो. पण खेपेंतील कितीतरी वेळ चाक फिरतच नसतें. कारखान्याच्या फाटकाबाहेर, गोदामाच्या दारांत, न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेंत तास जातात, कधीं दिवसहि जातात. या काळांत चालक गाडी सोडून जाऊं शकत नाहीं, कारण मालाची जबाबदारी त्याच्यावर. स्वस्थ झोपूं शकत नाहीं, कारण रांग केव्हां पुढें सरकेल याचा नेम नाहीं. आणि कमावूंहि शकत नाहीं, कारण गाडी उभी आहे. गाडी खोळंबल्याबद्दल मालकानें जादा आकार मागितलाच तर तो कधीं मिळतो, कधीं बुडतो. त्यांतलें चालकाच्या वांट्याला फारसें कांहीं येत नाहीं.

हा बुडालेला वेळ भरून काढावयाचा तर तो रात्रीच्या झोपेंतूनच काढावा लागतो. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेनें २०२० सालीं देशांतील दहा वाहतूक-केंद्रांवर हजाराहून अधिक चालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत चालकाचा दिवस सरासरीनें सुमारें १२ तासांचा निघाला, आणि थकवा अगर झोप आली असतांहि आपण गाडी हांकतों असें जवळजवळ निम्म्यांनीं सांगितलें. पहाटे घाटांत एखादा ट्रक कठड्याला भिडतो तेव्हां वर्तमानपत्रांत ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढेंच छापून येतें. त्यापूर्वीं दोन रात्री तो कोणत्या फाटकाशीं जागत बसला होता, हें कोणी विचारीत नाहीं.

याविषयीं कायदा नव्हता असें नाहीं. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें ८ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा, सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांति आणि आठवड्याची सुटी ठरवून दिली होती. लांब पल्ल्याला १० तासांपर्यंत सवलत होती. मात्र सामान्यतः ५ वा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच तो लागू असे, आणि आपल्याकडील बहुसंख्य ट्रक तर थोड्या गाड्यांच्या लहान मालकांचे. २०२० सालीं संसदेनें हा कायदा कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यविषयक नव्या संहितेंत सामावून घेतला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली आणि तींत पांचाची मर्यादा दहावर गेली. जाळ्याचीं भोकें आधींच मोठीं होतीं, तीं आणखी रुंदावलीं.

शिक्षेच्या बाबतींत मात्र चालकाची आठवण चटकन् होते. अपघातानंतर न कळवितां पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद भारतीय न्याय संहितेंत झाली, तेव्हां जानेवारी २०२४ च्या आरंभीं चालकांनीं गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या रांगांत आम्हीहि होतों, आणि तासभर खोळंबल्यावर सभ्य गृहस्थांच्या तोंडचे शब्द ऐकून आम्हांला मौज वाटली. तें उपकलम जुलै २०२४ मध्यें इतर संहितेबरोबर लागू करण्यांत आलें नाहीं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकांत चालकाचा कक्ष वातानुकूलित असावा असेंहि सरकारनें ठरविलें; विदर्भांतील उन्हाळा ज्यांनीं पाहिला आहे ते याचें स्वागतच करतील. पण जागरण थंड हवेंतलें झालें तरी तें जागरणच.

युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमांनीं दिवसाचें हांकणें साधारणतः ९ तासांवर रोखलें आहे, आणि रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यांत येईल अशा रीतीनें अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर वेतन देण्यास मनाई केली आहे. युरोप श्रीमंत आहे, असें कोणी म्हणेल. मग घरचेंच उदाहरण घेऊं. त्याच ट्रकमधून पोतीं उतरविणाऱ्या हमालाची स्थिति एके काळीं अशीच होती: धनी अनेक, पण जबाबदार कोणीच नाहीं. अण्णासाहेब पाटील, डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांनीं कामगार संघटित केले, आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्यानें मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळानें मजुरी हमालाला द्यावी आणि लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी कराव्या, ही त्याची रीत. या मंडळांविषयींहि तक्रारी आहेत. तरी एकाच ट्रकपाशीं उभ्या असलेल्या दोघांपैकीं पाठीवर पोतें घेणाऱ्यास मंडळ आहे आणि सुकाणू धरणाऱ्यास तें नाहीं, ही विसंगति डोळ्यांत भरते.

चालक दहा राज्यांतून फिरतो, तेव्हां त्याच्यासाठीं असें मंडळ केंद्रानेंच नेमावें लागेल. वेळेचा हिशेब ठेवणें आतां कठीण नाहीं. फास्टॅगमुळें टोलनाक्यावरील वेळ नोंदला जातो, मोठ्या मालाबरोबर ई-वे बिल असतें, आणि गाडी कोठें किती वेळ उभी आहे हें पुष्कळ मालकांना घरबसल्या फोनवर दिसतें. पोंचल्यापासूनचे पहिले कांहीं तास सोडून पुढील प्रत्येक तासाचा आकार ज्याच्या दारांत गाडी उभी आहे त्यानें मंडळाकडे भरावा, आणि त्यांतील चालकाचा भाग परस्पर त्याच्या खात्यांत जमा व्हावा, असें आम्ही सुचवितों. मग फाटक उघडण्याची घाई गोदामवाल्यालाच होईल.