बोटांचा रियाज

कोकणातल्या पावसाने पत्त्यांवर फार उपकार केले आहेत. शिवथरच्या खोऱ्यात एकदा धार लागली, की घळीतल्या धबधब्याशिवाय दुसरा आवाज नसतो. लावणी उरकलेली असते, वाटा निसरड्या झालेल्या असतात. मग पडवीत कॅट निघतो. झब्बू, बदाम सात, मेंढीकोट हे डाव इथल्या पोरांना कुणी मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. अलीकडे मात्र पडवीच्या कोपऱ्यात एखादा पोरगा एकटाच पत्ते घेऊन बसलेला दिसतो. समोर भिंतीला टेकवलेला मोबाइल. पोरगा खेळत नसतो, पत्त्यांची जादू शिकत असतो.

ही विद्या पूर्वी गुरूच्या मागे हिंडून मिळायची. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे देशोदेशी प्रयोग करून आले, त्यांनी ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांचा मुलगा विजय व नातू जितेंद्र यांनी ती कला चालवली. अशी घरातून घरात जाणारी ही विद्या. पुस्तके होती, नाही असे नाही. १९०२ साली अमेरिकेत अर्डनेज या टोपणनावाने पत्त्यांच्या हातचलाखीवर एक पुस्तक निघाले. हा अर्डनेज नक्की कोण, यावर आजही वाद चालतो. ते पुस्तक लहानपणीच मुखोद्गत केलेला डाय व्हर्नन पुढे जादूगारांचा गुरू झाला आणि १९८०च्या दशकात, म्हातारपणी, त्याचे धडे व्हिडिओ कॅसेटवर आले. २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि पुढे असे धडे रेंज असेल तिथे पोहोचले.

याच व्हर्ननची एक गोष्ट शिकणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कुठलीही जादू तीनदा पाहिली की मी ओळखतो, अशी हूडिनीची बढाई होती. १९२२ साली शिकागोत व्हर्ननने त्याला एक पान निवडायला लावले. ते वरून दुसरे ठेवले आणि लगेच वरचे पान उलटून दाखवले, तर तेच! पुन्हा पुन्हा दाखवले, तरी हूडिनीला उलगडले नाही. म्हणजे नुसते पाहणे पुरेसे नाही. आपला पोरगा तोच प्रकार शंभर वेळा, संथ गतीने, थांबवून थांबवून पाहू शकतो. त्याला युक्ती कळेल. पण युक्ती कळणे वेगळे आणि ती हातात उतरणे वेगळे.

सुरुवात हातचलाखी न लागणाऱ्या प्रकाराने करावी. जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला २१ पानांचा खेळ घ्या. समोरच्याने मनात एक पान धरायचे. आपण २१ पाने ओळीने वाटत तीन रांगा लावायच्या, प्रत्येकीत सात. पान कुठल्या रांगेत आहे एवढेच विचारायचे आणि ती रांग उचलताना मधोमध ठेवायची. असे तीनदा. शेवटी पान अकरावे निघते. का? पहिल्या फेरीनंतर ते आठव्या ते चौदाव्या जागेत अडकते. दुसऱ्यांदा वाटल्यावर या जागांची पाने प्रत्येक रांगेत तिसरी, चौथी किंवा पाचवीच येतात. ती रांग मध्ये गेली, की आपले पान दहावे, अकरावे किंवा बारावे. तिसऱ्यांदा वाटताना या तिन्ही जागा रांगेत बरोबर चौथ्या येतात. ती रांग मध्ये ठेवली की आधीची सात आणि ही चार, मिळून अकरा. वरून मोजा की खालून, अकरावेच! यात जादू नाही, गणित आहे.

पुढची पायरी बोटांची. दोन पाने एकच असल्यासारखी उचलणे ही त्यातली पहिली मोठी परीक्षा. इथे व्हिडिओ एक घोटाळा करतो. शिकवणारा समोर तोंड करून बसलेला असेल, तर त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. म्हणून खांद्यामागून चित्रित केलेला धडा निवडावा. एका वेळी एकच कृती घ्यावी आणि आरशासमोर करावी. प्रेक्षकाला काय दिसते ते आरसा सांगतो. आणखी एक गोष्ट पडद्याकडून शिकता येत नाही. समोरच्याची नजर आपल्या नजरेमागे जाते. आपण स्वतःच्या हाताकडे चोरून पाहिले, की तोही तिथेच पाहतो. हे जिवंत माणसासमोर बसूनच कळते.

मी कविता लिहिणारा माणूस. वृत्तात लिहिलेली ओळ वाचताना मात्रा मोजल्याचे ऐकू आले, तर ती ओळ फसली. इथेही तसेच. कष्ट दिसता कामा नयेत. ज्या घळीत समर्थांनी ‘दासबोध’ सांगितला अशी श्रद्धा आहे, तिच्या शेजारी राहणाऱ्यांना प्रयत्नांची थोरवी मी काय सांगावी?

मग हे शिकून मिळते काय? माझ्या मते, शहाणपण. तीन पानांत राणी ओळखा म्हणून पैसे लावायला सांगणारा आणि रंगमंचावरचा जादूगार, दोघांची बोटे एकच काम करतात. फरक कबुलीचा आहे. जादूगार आधीच सांगतो, मी तुम्हाला फसवणार आहे. रिकाम्या मुठीतून अंगारा काढणारा बुवा ते सांगत नाही आणि आजारी लेकराची आई दवाखान्याऐवजी त्याच्या दारात थांबते. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा हवाच, पण पान कसे लपते हे ज्या पोराच्या बोटांना ठाऊक आहे, तो अंगारा पाहून हात जोडण्याआधी बुवाची बाही पाहील. आईलाही पाहायला सांगेल.

तेव्हा घरातला पोरगा पत्ते पिसत बसला, तर लगेच ओरडू नका. समोर बसा, एक पान उचला. त्याला प्रेक्षक हवा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)