लोहाराचा घण आणि निकेलचा बोल्ट



'धातू आणि अधातू' शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सगळ्यात मजबूत धातू कोणता?" पोरं लगेच उत्तर देतात, "लोखंड!" पण मजबुती फक्त धातूच्या नावात नसते. तो कुठे वापरायचा आहे आणि त्याला घडवलं कसं, यावरही ती ठरते. हे समजावून सांगायला आपल्या सिहोरा भागातल्या लोहाराइतका चांगला दाखला नाही.

घडवणे म्हणजे काय?

वितळलेला धातू साच्यात ओतला की ते ओतकाम. घन धातू लाल होईपर्यंत तापवून ठोकला की ते घडाई, म्हणजेच फोर्जिंग. लोहार ऐरणीवर फाळ ठोकतो तेव्हा फक्त आकार बदलत नाही. धातूच्या आतल्या बारीक पोकळ्या दाबल्या जातात, जाड कण मोडून बारीक होतात आणि वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात. मुलांना बांबू दाखवा. उभी कामटी वाकते, पण तुटत नाही. आडवा पातळ काप मात्र कटकन मोडतो. घडवलेल्या वस्तूत हे 'तंतू' जिकडून ताण येणार त्या दिशेने ठेवता येतात. पुण्याच्या मुंढव्यात १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज कंपनी हेच काम करते. फक्त घणाच्या जागी तिथे प्रचंड प्रेस आणि यांत्रिक हातोडे आहेत.

मग निकेल कशाला?

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातला तिरोड्याचा वीज प्रकल्प अनेकांनी पाहिला असेल. तिथे ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत आणि ते 'सुपरक्रिटिकल' प्रकारचे आहेत. अशा संचात वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या २२० पटींहून जास्त असतो आणि तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर. इतक्या उष्णतेत साधं पोलाद हळूहळू ताणलं जातं. कपडे वाळवायची नायलॉनची दोरी वजन तेवढंच असूनही काही महिन्यांत लोंबते ना, तसंच. याला 'क्रीप' म्हणतात. बोल्ट असा सैल पडला तर वाफ फुटू शकते आणि जवळ माणसं काम करत असतात. म्हणून टर्बाइनच्या गरम भागातल्या बोल्टसाठी निकेलचे मिश्रधातू वापरतात. समुद्रातल्या तेलविहिरींच्या झडपांनाही ते लागतात, कारण तिथे खारं पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड वायू धातू खातात.

इथे एक गंमत बघा. लोखंड १५३८ अंशांना वितळतं आणि निकेल १४५५ अंशांना. म्हणजे निकेल आधी वितळतं, तरी उष्णतेत तेच टिकतं! कारण लोखंडाची आतली रचना ९१२ अंशांना बदलते, निकेलची मात्र वितळेपर्यंत तीच राहते. त्यात क्रोमिअम मिसळलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि गंज अडतो. अ‍ॅल्युमिनिअम, टायटॅनिअम किंवा निओबिअम घातलं की आत अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत.

लोहाराच्या भट्टीत हे जमेल का?

नाही, आणि त्याची कारणं शिकवण्यासारखी आहेत.

१. जो गुण कामाला हवा, तोच घडवताना आड येतो. लाल झाला तरी हा धातू कडकच राहतो, म्हणून प्रेस फार ताकदीचा लागतो. थोडा थंड झाला की तडे जातात.

२. दगडी कोळशात गंधक असतं. तापलेल्या निकेलमध्ये गंधक शिरलं की तो ठिसूळ होतो. म्हणून तापवण्याआधी त्यावरचं तेल, ग्रीस, रंग पुसून काढतात.

३. विळ्याला लोहार 'पाणी देतो' तेव्हा तो कडक होतो. निकेलचे मिश्रधातू असे कडक होत नाहीत. अनेक मिश्रधातू घडवून झाल्यावर पुन्हा ७०० अंशांच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवतात. वर सांगितलेले सूक्ष्म कण तेव्हा तयार होतात.

निकेल महाग आहे आणि भारत ते मुख्यतः आयात करतो. त्यामुळे फाळ निकेलचा करणं शहाणपणाचं नाही. शेतात पोलादच बरं. जिथे उष्णता, दाब आणि आम्ल एकत्र येतात तिथे निकेल.

वर्गात करून बघा

गावातल्या लोहारदादांना शाळेत बोलवा किंवा मुलांना त्यांच्या भात्याजवळ न्या (ठिणग्यांपासून लांब उभं करा). तीन प्रश्न विचारायला लावा. धातू पुरेसा तापला हे रंगावरून कसं ओळखता? थंड झाल्यावर ठोकलं तर काय होतं? पाणी कधी देता? उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वर्गात लोहाराचं लेकरू असेल तर त्यालाच आधी सांगू द्या. घरी रोज बघितलेली ही माहिती पुढे आयटीआयत फोर्जिंग शिकताना त्याच्या कामी येईल. आणि आपल्या वडिलांच्या कामात विज्ञान आहे, हे त्याला आजच कळेल.